सातव्या खाचेनंतर

४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाऊजींच्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडची बातमी अशी की मालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि या दोन खोल्या त्यांना जूनअखेर परत हव्या आहेत. म्हणजे बिऱ्हाड हलवणं आलं.

दोन जागा पाहिल्या. एक चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. लिफ्ट आहे, शाळेची बस दारात येते, तुझ्या वहिनीची लॅबोरेटरी पायी बारा मिनिटांवर. (ती दहा म्हणते. मी घड्याळ लावून चाललो आहे.) दुसरं स्वतंत्र बैठं घर. तीन खोल्या, मागे अंगण, अंगणात चढण्याजोगं झाड. वहिनी फ्लॅटच्या बाजूची, मी घराच्या. फ्लॅटमध्ये आपली मुलं उड्या मारणार आणि खालचे लोक छताला काठी ठोकणार. शिवाय तिथली दारं दाबलेल्या भुशाची. लोकांची मोडकी दारं खोलून जो माणूस हे काम शिकला आणि वीस वर्षं दारं-चौकटीच करतोय, त्यानं असल्या पुठ्ठ्याआड झोपायचं?

घराच्या स्वयंपाकघराची चौकट मात्र पाहत राहावी अशी. आणि गंमत ऐक. तिच्यावर मुलांच्या उंचीच्या खाचा आहेत, दोन रांगा. पेन्सिल नव्हे, पटाशीच्या. मीही आपल्या मुलांची उंची अशीच कोरतो. वाढदिवसाच्या सकाळी टाचा चौकटीला लावायच्या, डोक्यावर काटकोनाचा गुण्या धरायचा आणि एकच घाव. पेन्सिल पुसते, खाच राहते. वाटलं, माझ्यासारखा नेमका माणूस जगात आणखी एक तरी आहे म्हणायचा.

थोरला आणि चिमणी आत्याची आठवण काढतात. माया आहे तशी राहू दे, दोन्ही मालकांना पंधरवड्यात उत्तर द्यायचंय, तेव्हा तुझं मतही कळव.

तुझा धाकटा

९ मे

चि. इंजिनियरास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. चौकट चांगली म्हणून घर घेणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता, तो आमच्याच घरात निघायचा होता. सासरचा पाटा चांगला म्हणून बायकोही केली असतीस! तुझं नशीब की वहिनी तशीही चांगली निघाली.

तिचंही पत्र आलंय. ती तुला सांगणार नाही, कारण तू हसशील. घर पाहायला गेलात तेव्हा आतली खोली अंधारी होती. दिव्याचं बटण कुणाला सापडेना. चिमणी सरळ आत गेली आणि दाराआडच्या कोपऱ्यात हात घालून तिनं दिवा लावला. तुला कसं कळलं असं वहिनीनं विचारलं, तर म्हणाली की ते नेहमी तिथंच असतं.

लेकरं काहीही बोलतात, मान्य. पण ती रांगेतली मुलं कोण होती, कुठं गेली, एवढं मालकिणीला विचारून घे. फुटपट्टी बाजूला ठेवून माणसांशी बोलावं कधीतरी. मुलांना गोड पापा. आशीर्वाद तर तुझ्या पाठीशी आहेतच, ते मोजायला जाऊ नकोस.

तुझी ताई

१४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वहिनीच्या हाती पडू देऊ नकोस, म्हणजे तिच्या पत्राला उत्तर देताना यातलं काही लिहू नकोस.

मालकिणीला विचारलं. शिलाई करणाऱ्या बाई आहेत. घर त्यांनीच बांधून घेतलं आणि तीस वर्षं तिथं त्या एकट्या राहिल्या. कधी भाडेकरू नाही, मूल नाही. खाचांकडे त्यांचं लक्षच नव्हतं, सुताराच्याच असतील म्हणाल्या.

सुताराच्या नाहीत. मी इथल्या आमच्या चौकटीवरच्या खाचा एका लाकडी पट्टीवर उतरवून घेतल्या, कारण चौकट काही बरोबर नेता येणार नाही. ती पट्टी घेऊन काल दुपारी त्या घरी गेलो आणि चौकटीला लावली. थोरल्याच्या दहा, चिमणीच्या सात. सतराच्या सतरा बसल्या, ताई. केसाचाही फरक नाही. पट्टी उलटी करून पाहिली, खाली टेकवून पाहिली, पुन्हा पुन्हा लावली.

मी डावखुरा, म्हणून माझ्या खाचेला डावीकडे बारीक शेपटी राहते. त्या खाचांनाही ती आहे. थोरल्याच्या चौथ्या वाढदिवसाला तो ऐन घावाच्या वेळी शिंकला होता आणि माझी पटाशी सटकली होती. तिथंही चौथ्या खाचेखाली तोच ओरखडा.

आता मुख्य गोष्ट. थोरल्याची रांग दहावर थांबत नाही. वर जाते, अठरापर्यंत, माझ्या खांद्याच्याही वर. चिमणीची सातव्या खाचेवर संपते. तिच्यावर कोरं लाकूड आहे, गुळगुळीत, रंधा मारल्यासारखं.

तिचा आठवा वाढदिवस तीस ऑगस्टला आहे.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे तुला माहीत आहे. यालाही कारण असेल. मला ते सापडत नाही, एवढंच. रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तुझ्या मायेचा आधार आहे म्हणून विचारतो, काय करू?

तुझा धाकटा

१६ मे

चि. भाऊस,
अ. उ. आ.

आज इंजिनियर म्हणत नाही. पत्र वाचून हातातलं काम तसंच टाकलं आणि लिहायला बसले.

फ्लॅट घे. दारं भुशाची असू देत, नाहीतर कागदाची. वहिनीला काहीही कारण सांग. तिचं खरं ठरलं म्हणून तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, तर दोष माझ्यावर ढकल.

दुसरं. खाचा कुणाच्या ते मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण माझं मन एवढंच म्हणतंय की चिमणीच्या वाढदिवसाला तू हत्यार हातात घेऊ नकोस. एक वर्ष नाही मोजलीस तर पोर काही वाढायची थांबत नाही. तिला पोटाशी धर आणि मोकळा हो.

पोचल्याचं लगेच कळव. तुम्ही चौघं मला डोळ्यांसमोर सुखरूप दिसत राहा, एवढंच माझं मागणं.

तुझी ताई

१ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फ्लॅटमध्ये येऊन अडीच महिने झाले. तुला त्रोटक पत्रं पाठवत राहिलो, त्याची क्षमा कर. त्या बैठ्या घराच्या लाकडात ओल आहे असं वहिनीला सांगितलं होतं. वीस वर्षांत लाकडाबद्दल बोललेलं ते माझं पहिलं खोटं. ती बारा मिनिटांना अजून दहाच म्हणते आणि मी ऐकून घेतो. खालचे लोक काठी ठोकत नाहीत. त्यांना दोन मुलं आहेत, तीही उड्या मारतात.

परवा चिमणी आठ वर्षांची झाली. ठणठणीत आहे, हे आधी सांगतो. तुझं ऐकलं. पट्टी कपाटामागे ठेवली होती आणि पटाशीला धार नाही असं सांगायचं ठरवलं होतं. पण तिनं खाच मागितलीच नाही. दिवसभर वाट पाहिली. शेवटी जेवताना मीच विचारलं. तर ती म्हणाली की खाच सकाळीच झाली, त्या झाडाच्या घरात. कुणी केली विचारलं, तर माझ्याकडे बघून हसली. बाबांनीच की, म्हणाली. पण उलट्या हातानं.

सकाळपासून ती घराबाहेर पडली नव्हती. वहिनीनं रजा घेतली होती, मुलगी तिच्या डोळ्यांआड झाली नव्हती.

काल त्या घरी गेलो. अजून रिकामंच आहे. मालकिणीनं कुलूप उघडलं, किल्ली कुणाला दिली नव्हती म्हणाल्या. सातव्या खाचेवर आठवी आहे, ताई. ताजी, लाकूड आतून पांढरं. उंबऱ्यावर ढलपी पडली होती, ती उचलली तर ओलसर लागली. शेपटी उजवीकडे, उजव्या हाताची. घाव उत्तम, खोटं कशाला बोलू, माझ्याहून सरस.

त्या खाचेची उंची पट्टीवर पेन्सिलीनं उतरवून घरी आणली. चिमणीला हाक मारली, टाचा भिंतीला लावल्या, डोक्यावर गुण्या धरला. केसाचा फरक नाही.

रात्रभर विचार केला. तू म्हणालीस ते मायेपोटी म्हणालीस. पण आता मला दिसतंय की चिमणीची रांग सातवर का थांबली होती. तिथून पुढं मी थांबलो होतो. जागा कोरी सोडली मी, आणि कोरी जागा पाहून दुसरं कुणी पुढं आलं.

म्हणून आज सकाळी पटाशीला धार लावली आणि आठवी खाच पट्टीवर स्वतः कोरली, दोन दिवस उशिरा. पटाशी जरा सटकली, खाच थोडी वाकडी आली. चिमणीनं मागे वळून पाहिलं आणि म्हणाली की दुसरी जास्त सरळ होती. मग जरा वेळानं म्हणाली की ही पण चालेल.

वाकडी असो. पुढच्या तीस ऑगस्टला उजाडण्याआधी मी पटाशी घेऊन तिच्या उशाशी बसलेला असेन, आणि त्याच्या पुढच्यालाही. माझ्या मुलीचं माप दुसऱ्या कुणी घेतलेलं मला चालणार नाही.

थोरल्याचा वाढदिवस नोव्हेंबरात आहे. त्याच्या खाचा तिथं अठरापर्यंत आधीच कोरलेल्या आहेत. कुठल्या हातानं, ते मी मे महिन्यात नीट पाहिलं नव्हतं. दहाच्या वरच्यांची शेपटी पाहायला काल भिंग नेलं होतं, पण ते खिशातून काढलं नाही.

तू ये. मुलांसाठी ये, आणि माझ्याजवळ बसायला ये. आजवर दिलीस ती माया कमी पडली नाही, पण या वर्षी थोडी जास्त लागेल.

तुझा धाकटा