कोल्बीच्या नावाचा करंडक

प्रिय रॉयस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते उघडावं की नाही याचा विचार करत बसला असशील. उघडलंस ते बरं केलंस. मी फोनच करणार होतो, पण फोनवर तू रडायला लागशील, मग मलाच तुझी समजूत घालावी लागेल, आणि ते मला आता जमणार नाही. कागदावर निदान मला शेवटपर्यंत बोलता येईल.

लॉरेल आणि मी गेल्या आठवड्यात लुईव्हिलला जाऊन आलो, टर्की पक्ष्याच्या शिकाऱ्यांच्या राष्ट्रीय अधिवेशनाला. कोल्बी गेल्यावर मी नोरीनला म्हणालो होतो की त्या गर्दीत पुन्हा पाय ठेवणार नाही. पण जानेवारीत समितीच्या बाईंचा फोन आला. मुलांसाठी नराला भुलवणारी टर्कीच्या मादीची साद घालण्याची नवी स्पर्धा सुरू होतेय, तिच्या करंडकाला कोल्बीचं नाव द्यायचं ठरलंय, वडिलांनी आणि बहिणीनं येऊन तो पहिल्या विजेत्याच्या हातात द्यावा, असं त्या म्हणाल्या. नोरीन म्हणाली, आपल्या पोराच्या नावाचं आहे, जा. लॉरेल म्हणाली, मी येते, आणि मोठ्यांच्या स्पर्धेत नावही देते. त्या एप्रिलपासून पोरीनं सादेची रबरी चकती टाळूला लावलेली नव्हती. मला वाटलं, चला, काहीतरी परत सुरू होतंय.

तुझ्याशिवाय आम्ही पहिल्यांदाच गेलो. लॉरेल आठ वर्षांची होती तेव्हापासून दर फेब्रुवारीत आपण तिघं जायचो, तुझ्या ट्रकमधून, मध्ये ती आणि दोन बाजूंना आपण. तू तिला साखरेत घोळलेले पेकानचे दाणे घेऊन द्यायचास आणि ते संपेपर्यंत ती 'रॉयसकाका, रॉयसकाका' करत तुझ्या मागे फिरायची. माझी साद ऐकून तू म्हणायचास, "एमेट, हे ऐकून टर्की नाही यायची, गुरांचा डॉक्टर येईल." खरंच होतं ते. घरात साद यायची ती एकट्या लॉरेलला. तिनं ती त्या अधिवेशनांत कानांनी टिपून घेतली आणि नंतर मागच्या पायरीवर बसून कोल्बीला शिकवली. संध्याकाळच्या संध्याकाळ ती दोघं तिथे बसलेली असत. ती म्हणायची, "जीभ खाली ठेव रे, गुदमरलेल्या कोंबडीसारखं नको करूस." तो हसायचा, चकती तोंडातून बाहेर पडायची, की पुन्हा पहिल्यापासून. नोरीन आतून ओरडायची की दोघांपैकी एकाला तरी जेवायला पाठवा.

आता लुईव्हिलचं सांगतो. दाराशीच एकानं माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून हात धरला. अलाबामाचा होता. "तुम्ही त्या कोल्बीचे वडील? काय पोरगं होतं हो तुमचं. तीस वर्षं जंगलात काढलेला माणूस फसला, म्हणजे बघा." तो अगदी मनापासून बोलत होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी बरं म्हणालो आणि पुढे झालो. जेवणाच्या रांगेत दुसरा भेटला. त्याच्या गोष्टीत तू चाळीस वर्षं शिकार केलेला होतास. टेनेसीच्या एका म्हाताऱ्यानं तर तुला राज्याचा विजेता करून टाकलं आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "भाऊ, साद घालणाऱ्याला याहून मोठी पावती मिळत नाही." याहून मोठी पावती. माझ्या हातात तेव्हा ताट होतं. ते खाली ठेवायला जागा सापडेना म्हणूनच मी काही केलं नाही, असं मला आता वाटतं.

जे घडलं ते तुला सांगायची गरज नाही. तरी लिहितो, कारण दोन दिवस मी ते एकाच्याही तोंडून सरळ ऐकलं नाही. कोल्बी आपल्या टेकडीवर ओकच्या बुंध्याला पाठ टेकून मादीची साद घालत बसला होता. मी पलीकडच्या घळीत होतो. तू खाली ओढ्याकडेला थांबायचं असं ट्रकपाशी ठरलं होतं. तुला वरून मादीची साद ऐकू आली. मादीजवळ नर असणार असं धरून तू ओढा सोडलास, आवाजाच्या रोखानं चढण चढलास आणि झुडपात छर्रे झाडलेस. कोल्बी एकोणीस वर्षांचा होता. कोर्टानं तुझा परवाना काढून घेतला, शिक्षा दिली, त्यावर मला बोलायचं नाही. तू मुद्दाम केलं नाहीस हे मी पहिल्या दिवसापासून जाणतो. नोरीनही जाणते.

पण मी औषधांच्या दुकानात उभं राहून जन्म घालवला आहे, रॉयस. एका गोळीसारखी दिसणारी दुसरी गोळी माझ्यासमोर रोज असते. उद्या मी कुणाच्या आईला चुकीची बाटली दिली आणि ती दगावली, तर गावातला एकही माणूस असं म्हणणार नाही की काय सुरेख बनवली होती हो ती गोळी, एमेटसारखा जुना माणूस फसला. माझं नाव घेऊन विचारतील, चिठ्ठी वाचली होतीस का? आणि बरोबरच विचारतील.

त्याच इमारतीत, दोन दालनं सोडून, लहान मुलांचा सुरक्षेचा वर्ग चालू होता. मी दारात उभा राहिलो. शिकवणारी बाई चांगली होती. पोरांकडून मोठ्यानं म्हणवून घेत होती. आवाजाच्या मागे जायचं नाही. पक्षी पुरता दिसल्याशिवाय, नर टर्कीच्या छातीवर असतो तो केसांचा झुपका दिसल्याशिवाय, बोट चापावर न्यायचं नाही. पहिली-दुसरीतली पोरं ते म्हणत होती, आणि त्यांचे आईबाप बाहेर कॉफी पीत माझ्या मुलाच्या सादेचं कौतुक करत होते.

लॉरेल हे सगळं ऐकत होती. मला वाटलं ती माझ्यासारखीच दात आवळून ऐकतेय. शनिवारी सकाळी आम्ही चकत्यांच्या दुकानांपाशी होतो. एका दुकानदारानं तिला ओळखलं, तो तिला लहानपणापासून पाहतोय. म्हणाला, "अगं, तूच ना त्याची बहीण? तूच शिकवलंस म्हणे त्याला?" ती हो म्हणाली. "मग ताठ मानेनं फिर की. माणूस ओळखू शकला नाही अशी साद शिकवलीस तू. माझ्या पोरांना शिकव म्हटलं तर माझी बायको मला घराबाहेर काढेल." आणि तो स्वतःच हसला. विनोद केला त्यानं. लॉरेलही थोडी हसली, घेतलेली चकती परत मांडणीवर ठेवली आणि म्हणाली, "डॅडी, मी जरा बाहेर जाऊन येते." मी त्या माणसाला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. माझ्या तोंडी असे शब्द आहेत हे मलाही ठाऊक नव्हतं.

दुपारी तिची स्पर्धा. तुला आठवतं, पंचांना चेहरा दिसू नये म्हणून स्पर्धक पडद्यामागे उभे असतात, पुकारतात ते फक्त चिठ्ठीतला आकडा. तिचा आकडा मला माहीत होता. तो पुकारला. पंच पेन्सिली घेऊन वाट पाहत बसले. काही आवाज आला नाही. एकानं पुन्हा आकडा पुकारला. मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "पठ्ठ्यानं चकती गिळली वाटतं," आणि आजूबाजूचे हसले. मग पडद्याच्या कडेनं लॉरेल बाहेर आली, चकती मुठीत धरून, आणि भिंतीच्या कडेकडेनं दाराकडे गेली. मी तिच्या मागे गेलो. ती म्हणाली, जिभेला सूर आठवला नाही. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता.

संध्याकाळी करंडक. मला व्यासपीठावर बोलावलं. निवेदकाचा आवाज गोड होता, आणि त्यानं तीच गोष्ट सांगितली. वसंतातली सकाळ, टेकडी, जाणता शिकारी, आणि खऱ्या मादीलाही लाजवेल अशी एका पोराची साद. मोठं सभागृह भरलेलं होतं. लोक उभे राहिले, टाळ्या वाजवायला लागले. रॉयस, माझ्या मुलाचा जीव कसा गेला ते ऐकून लोक टाळ्या वाजवत होते.

तू मला ओळखतोस. चर्चमध्ये प्रार्थना वाचायची पाळी आली की मी नोरीनला पुढे करतो. त्या दिवशी मी ध्वनिक्षेपक हातात घेतला. मी म्हणालो, "माझ्या मुलानं कुणाला फसवलं नाही. पलीकडच्या वर्गात तुम्ही शिकवता तसाच तो झाडाला पाठ टेकून बसला होता. ज्यानं गोळी झाडली त्यानं न पाहता झाडली. हे सांगणार असाल तर माझ्या मुलाचं नाव राहू द्या. नाहीतर करंडकावरून पुसा." एवढंच. आवाज चढवला नाही. समितीच्या बाईंनी माझ्या कोपराला धरून मला हळूच खाली आणलं. पहिल्या रांगेतला एकजण बायकोला म्हणाला, "दुःखात माणूस बोलतो काहीबाही." करंडक बाईंनीच दिला, जिंकलेल्या पोराला. पोरगं बिचारं माझ्याकडे घाबरून बघत होतं, त्याच्यासाठी मला वाईट वाटलं. बाकी कुणासाठी नाही.

ही गोष्ट त्यांना कुठून मिळाली हे मला माहीत आहे, तुलाही आहे. दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे जेवत होते. बायकांनी हॅम आणि बटाट्याचं सॅलड आणलं होतं. तू माझा हात धरून सगळ्यांसमोर म्हणालास, "देवाशपथ एमेट, खऱ्या मादीत आणि त्याच्यात कुणालाही फरक कळला नसता." तेव्हा मला ते प्रेमाचं वाटलं. तुला काहीतरी धरून उभं राहायचं होतं, तू ते धरलंस. पण तिथं जेवणाऱ्यांनी ते आपापल्या घरी नेलं, आणि आता ते अलाबामापर्यंत पोचलंय. तू तेच अजून सांगतोस, असंही माझ्या कानावर आहे.

रविवारी परत येताना गाडी मी चालवत होतो. डोंगर सुरू झाले. लॉरेल बाहेर बघतच म्हणाली, "डॅडी, मी त्याला थोडं वाईट शिकवायला हवं होतं." मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. ती म्हणाली, "त्याचा शेवटचा सूर घसरायचा. कुणीही ऐकलं असतं तर माणूस आहे हे कळलं असतं. मी महिनाभर बसून तेवढा एक सूर त्याच्याकडून घोटून घेतला." मी गाडी कडेला घेतली. दोन वर्षं होत आली, रॉयस. दोन वर्षं माझी मुलगी हे मनात ठेवून आमच्या ताटात वाढत होती, आईचे केस विंचरत होती. आणि त्या इमारतीतला प्रत्येक भला माणूस येऊन तिला सांगत होता की हो बाई, तुझ्या शिकवणीनंच तो गेला, शाबास.

मी तिला सांगितलं, की त्या सकाळी मी घळीतून धावत वर आलो तेव्हा तू पाचोळ्यात बसला होतास, आणि मला पाहून तुझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "एमेट, मी काहीच पाहिलं नव्हतं. नुसती पानं हलली आणि मी झाडली." कुणी काही विचारायच्या आधी, रुग्णवाहिका यायच्या आधी तू हे म्हणालास. त्यानंतर पुन्हा कधी म्हणाला नाहीस. लॉरेलनं ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "डॅडी, तू माझ्यासाठी असं म्हणतोयस." तिच्या जागी मी असतो तर मीही बापावर विश्वास ठेवला नसता. म्हणून हे पत्र. ईस्टरला तिला चार दिवस सुट्टी आहे, घरीच असेल. तू ये. नोरीनशी बोललो आहे, ती दार उघडेल. माफी मागू नकोस, रडायचं असेल तर परत जाताना ट्रकमध्ये रड, आणि त्याची साद किती चांगली होती हे एकदाही म्हणू नकोस. तिच्यासमोर बस आणि तुला काय दिसलं होतं तेवढं सांग. चांगल्या सादेनं माणूस मरत नाही हे तिला माझ्या तोंडून पटणार नाही. त्या झाडापाशी तू आणि कोल्बी दोघंच होतात, आणि तिला सांगायला आता तूच उरला आहेस.

तुझाच (इथे हात थांबला होता, पण खोडत नाही),
एमेट