मागच्या खोलीची खिडकी बुजवू नये म्हणून

मी सुदर्शन कडुबा शेजूळ, वय सव्वीस, राहणार चितेगाव, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, हल्ली कामासाठी जैसलमेरकडे. तिथं पवनचक्क्यांचे खांब दोरावर लटकून रंगवतो. हा कागद मी शुद्धीत आणि राजीखुशीनं लिहितो. प्यालेलो नाही, कोणी बसवून लिहून घेतलेलं नाही. शाळा सातवीत सुटली, अक्षराला हसू नये. मागं आमच्यातला एक जण खांबावरून पडला. त्याची पेटी कोणाला द्यायची, हे त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून सुट्टीवर आलो तसा लिहायला बसलो.

१. वडिलांच्या माघारी वाटणी झाली. पुढची खोली थोरला भाऊ राजेंद्र याला, तिथं तो आणि वहिनी तनुजा राहतात, मागची मला. आई केसरबाई मागच्या खोलीत राहायची, म्हणजे माझ्या वाटणीला आली असं मी समजतो. ही खोली माझ्या मागं बहीण विशाखा, राहणार लासूर स्टेशन, हिची. अट एकच. पश्चिमेची खिडकी कोणी विटांनी बुजवू नये. राजेंद्रनं विटा आणून ठेवल्यात, म्हणून आधी हेच लिहिलं.

२. खिडकी साधी आहे. काचेच्या आडव्या पट्ट्या, बाजूच्या दांडीनं एकदम उघडतात आणि मिटतात. आईला दमा होता. तिची खाट खिडकीखाली. उठवत नसे तेव्हा काठीनं दांडी वर ढकलायची, टक् असा आवाज व्हायचा. म्हणायची, "उघडी ऱ्हाऊ दे रे सुदा, जीव कोंडतो."

३. ती गेली तेव्हा मी गाडीत होतो. पोचलो तोवर तिला नेलं होतं. जिथं जीव गेला तिथं आमच्यात पीठ पसरून दिवा ठेवतात. सकाळी पिठावर कशाचं पाऊल उमटलं ते बघतात, म्हणजे माणूस कोणत्या जन्माला गेलं ते कळतं. त्या दिवशी वाऱ्यानं दिवा सारखा विझू लागला. राजेंद्रनं पट्ट्या मिटल्या आणि फटींत त्याच्या कंपनीतलं सिलिकॉन भरलं. दिवा छान तेवला. पीठ मात्र पसरलं तसंच राहिलं, मुंगीसुद्धा फिरली नाही. विशाखा म्हणाली, "बाहेर जायला वाटच नाय ठेवली, तर पाऊल कुठून उमटंल?" गीताबाई मावशीनं तर दहाव्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरांनी आईला कोंडली." मावशीला मी माझ्यातलं काही देत नाही.

४. नंतर मी पात्यानं सगळं सिलिकॉन खरवडून काढलं, पट्ट्या उतरवून धुतल्या, बसवल्या. तेव्हापासून दिवेलागणीला पट्ट्या आपोआप उघडतात. राजेंद्रचं म्हणणं, "पिना झिजल्यात, पट्टी वजनानं पडती. त्यात भुताचं काय?" बरोबर आहे, जुन्या खिडकीला तसं होतं. म्हणून मी शहरातून नव्या पिना आणून घातल्या. दांडी आता अंगठ्याचा जोर लावल्याशिवाय हलत नाही. तरी उघडतात. खांबावर असतो तेव्हा मलाही टक् ऐकू येतं, आणि मी कमरेच्या पट्ट्याचा हूक चाचपून बघतो.

ती गेली का राहिली, मला माहीत नाही. राहिली असली तर तिला हवा पाहिजे, जायचं असलं तर वाट पाहिजे. दोन्हीला खिडकी लागते.

५. विशाखानं निगा अशी राखावी. कुंचल्यानं आधी धूळ काढावी, मग ओला कपडा. पिनांना शिलाई मशीनचं तेल, थेंबभरच, जास्त झालं की धूळ धरतं. पट्टी काढायची तर क्लिपेची जीभ पेचकसानं हळू उचलावी, ठोकू नये. बसवताना वरची पट्टी खालचीवर बाहेरून आली पाहिजे, म्हणजे पाऊस आत येत नाही. आणि संध्याकाळी आपोआप उघडली तर ओढून मिटू नये.

६. बँकेतलं जे असेल ते विशाखाची मुलगी सायली हिच्या शिक्षणाला. हत्यारं आणि मोटारसायकल विशाखाच्या नवऱ्याला, गाडी शेजारच्या गोकुळनं अजून परत दिलेली नाही, ती मागून घ्यावी. ज्या ठेकेदारानं आम्हाला जुने दोर दिले, त्याला माझ्या मयतीला येऊ देऊ नये.

७. राजेंद्रला मी काही ठेवलेलं नाही. ज्याला मिळतं त्यानं साक्षीला बसू नये, असं मला सांगितलं गेलं, आणि सही मला त्याचीच पाहिजे होती. त्यानं इथवरचा कागद वाचला, पुढचं मी सह्या झाल्यावर लिहिलं.

"मला काय नाय व्हय?"

"दिलं असतं तर सही कशी घेतली असती, दादा?"

"लई हुशार झाला." मग त्यानं विटांकडं बघितलं. "तू जातो निघून वाळवंटात. भिंतीच्या पल्याड मी निजतो. रोज काठी आपटती, सुदा. रोज. तनुजाला म्हणतो, उंदीर हाय."

"मग पिना झिजल्यात कशाला म्हणायचा?"

"मावशीनं कोंडली म्हणल्यावर दुसरं काय म्हणू?"

 मी त्याला पेन दिलं. गोकुळ सही करून आधीच गेला होता. बाहेर चिंचेचं पान हलत नव्हतं. राजेंद्रनं कागदावर पेन टेकवलं आणि दांडी वर गेली. टक्. सगळ्या पट्ट्या उघडल्या. त्यानं बघितलं, मी बघितलं. उठून मिटायला कोणीच गेलं नाही. त्यानं सही पुरी केली, विटा उद्या परत धाडतो म्हणाला, आणि कागद माझ्याकडं सरकवून हळूच बोलला, "खाली अजून एका सहीला जागा सोड."

ती सोडली आहे. कोणी भरू नये.

लिहून देणार: सुदर्शन कडुबा शेजूळ

साक्षीदार:
१. गोकुळ, शेजारी
२. राजेंद्र कडुबा शेजूळ
३.

ठिकाण: चितेगाव, मागची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५