फारूकभाईंची साधी चाल

शनिवार, संध्याकाळ

घरी येऊन तास झाला, तरी ते मनातून जात नाही. आज आमच्या गुरुग्रामच्या जॅझ क्लासचा छोटासा कार्यक्रम होता. मानेसरच्या कारखान्यात काम करणारे फारूकभाई क्लॅरिनेटवर, मी पियानोवर. मधली दोन आवर्तनं त्यांची, मनाला सुचेल तसं वाजवायची. तेवढं ऐकायला त्यांची बायको आणि मुलगी पहिल्यांदाच आल्या होत्या.

आणि मी नेमकी तेव्हाच चुकले. पुढची कॉर्ड कुठली, आपण कुठे आहोत, काहीच कळेना. हात थांबले. फारूकभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुचलेलं सगळं सोडून गाण्याची मूळ चाल धरली. अगदी साधी, स्पष्ट. तिच्या मागे मागे जात मला माझी जागा सापडली. तोवर त्यांची पाळी संपली होती.

नंतर म्हटलं, "सॉरी, भाईसाब. मेरी वजह से आपका सोलो गया."

हसले. "अरे मॅडम, बेटी खुश है. घर पे रोज़ यही धुन सुनती है, झट से पहचान ली."

ती साधी चाल अजून कानात आहे. त्यांच्या जागी मी असते तर? डोळे मिटून माझंच वाजवत राहिले असते. या डायरीत तरी खरं लिहावं.