नोंदवहीतली खोटी ओळ

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, धंदा पंप व मोटार दुरुस्तीचा, शिक्षण तंत्रविद्यालयात दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. नशापाणी केलेलं नाही, कोणी मानगुटीवर बसलेलं नाही. अक्कल ठिकाणावर असल्याची डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी सोबत जोडली आहे. आईचं मत वेगळं आहे, ते जोडलेलं नाही.

कारण असं की येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. पंपाची झडप मी डोळे मिटून बदलतो. माझी बदलायला चार डॉक्टर लागणार. "घाबरू नका, पण कागदपत्रं करून ठेवा," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यातला 'पण' मला दोन दिवस झोपू देत नाही. ज्यांच्या गॅरेजात मी काम करतो ते उस्ताद म्हणाले, "अरे, मोटार जळायच्या आधीच भंगारात काढतोस?" तरी लिहितो.

१. घर, जमीन वगैरे स्थावर माझ्या नावे काही नाही. गॅरेजच्या वरची खोली उस्तादांची आहे. भिंतीतले चार खिळे माझे, ते खोलीला बक्षीस.

२. बँकेत जे असेल ते आईचं. त्यातून तिनं सगळ्यात आधी चष्मा करावा. सुईत दोरा ओवायला ती शेजारच्या मुलीला हाक मारते आणि आम्हाला सांगते, "मला सगळं दिसतं." माझ्याबद्दलचं मात्र तिला खरंच सगळं दिसत होतं, एक गोष्ट सोडून. ती कलम पाचमध्ये आहे. आईला ते वहिनीनं वाचून दाखवावं, दादानं नाही. दादा वाचताना मध्ये मध्ये टिप्पणी करतो.

३. मोटरसायकल दादाला. ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढते. हे त्याला सांगायचं नाही, असं आधीच्या मसुद्यात होतं. कॉलेज सोडलं तेव्हा पाहुण्यांसमोर तो म्हणाला होता, "हे आमचे अर्धे इंजिनिअर." त्यावर मी तीन वर्षं त्याच्याशी बोललो नाही. आता वाटतं, 'अर्धे' म्हणाला तेही जास्तच होतं. अबोला या कलमानं संपला. ब्रेक दुरुस्त करून घे, दादा.

४. पाने, पक्कड, मोटार गुंडाळायचं यंत्र, सगळं गॅरेजला. फक्त जाडी मोजायचा स्टीलचा कॅलिपर वगळून. तो माझा नाही. कॉलेज सोडून पळालो त्या दिवशी तो माझ्या ॲप्रनच्या खिशात राहिला. तो तिथल्या वर्कशॉपला परत द्यावा.

५. पळालो ते का, हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या मृत्यूनंतर हे कलम प्राचार्यांना वाचून दाखवावं.

वर्कशॉपचे आमचे सर. पोरं त्यांना 'बाही सर' म्हणायची. दारात उभे राहून ते प्रत्येकाची बाही बघायचे. कोपराच्या वर दुमडलेली नाहीतर मनगटाला बटण लावलेली, तिसरा प्रकार नाही. केस टोपीत. बटण नसेल तर घरी. एकदा मी बटणाच्या जागी टाचणी लावून गेलो, तर म्हणाले, "यंत्राला टाचणी कळत नाही बाळा, जा." माझं नाव वर्गात 'काडी', कारण बारीक आणि लगेच पेटणारा. सर पेटत नसत, फक्त ओरडत. मला दोन्ही एकच वाटायचं.

आणि वर्गात ती होती. प्रत्येक वस्तू तीनदा मोजायची म्हणून तिला 'मोजपट्टी' म्हणत. तिच्यासाठी मी काय काय केलं ते इथं लिहीत नाही. कागद पुरणार नाही आणि तिला त्यातलं निम्मंही माहीत नाही.

त्या दिवशी लोखंड फिरवून कापायचा लेथ चालू होता. तिची वेणी टोपीतून निसटून पुढं आली होती, मोजपट्टी यंत्रावर वाकली होती. सर वर्कशॉपच्या त्या टोकाहून ओरडत आले, "बाहेर! आत्ताच्या आत्ता! डोकं काय घरी ठेवून आलीस?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फक्त ते पाणी दिसलं.

"सर, मुलीशी नीट बोला."

"तू मागं हो."

"आधी माफी मागा तिची."

"काडी, यंत्र चालू आहे. मागं हो म्हणतो ना!"

मी त्यांची कॉलर धरली आणि ढकललं. बस, एवढंच. तोल सावरायला त्यांनी हात मागं टाकला, तो लेथच्या फिरत्या जबड्यावर, चकवर गेला. उजव्या हाताची दोन बोटं. लेथ तिनं बंद केला. मी पळालो.

पोलीस येतील म्हणून महिनाभर मामाकडे राहिलो. कोणी आलं नाही. मग वर्गातल्या एकाकडून कळलं की अपघाताच्या नोंदवहीत सरांनी डाव्या हातानं लिहिलंय: "बाहीचं बटण न लावता चालू यंत्राजवळ गेलो. चूक माझी." जवळून पाहणारी ती एकटीच होती आणि तिला त्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं. बाकीच्यांनी वाचलं तेच खरं मानलं.

सरांच्या सेवापुस्तकात 'निष्काळजी' असा शेरा आला. वर्कशॉप काढून घेतलं, स्टोअरच्या खिडकीत बसवलं, कानशी आणि ड्रिल वाटायला. नवीन पोरं खिडकीशी येऊन म्हणतात, "सर, बटण लावलंय ना?" आणि हसतात. वर्षभरानं मी एकदा त्या खिडकीशी गेलो. सरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, मनगटाकडे पाहिलं. म्हणाले, "बाही." मी बटण लावलं आणि परत आलो.

ती नोंद खोटी आहे. बाहीचं बटण लावलेलं होतं. मी कॉलर धरली तेव्हा माझा हात सोडवायला त्यांनी मनगट पुढं आणलं, ते बटण माझ्या हाताला घासलं होतं. सर दोन महिन्यांनी निवृत्त होतील, तो शेरा घेऊनच.

६. मोजपट्टीला काहीही नाही. ती आता कारखान्यात तयार माल तपासते. साक्षीदार म्हणून सहीला बोलावलं, तेव्हा कलम सहामध्ये तिच्या नावे बरंच काही होतं. "ज्याला मिळतं त्यानं साक्ष द्यायची नसते. एक काहीतरी ठरव," म्हणाली. साक्षच ठरवली, म्हणजे ती निदान अर्धा तास बसेल.

साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते, हे मी तिला सांगितलं.

"मी न मोजता सही करत नाही," म्हणाली आणि वाचायला बसली. कलम पाचवर थांबली ती थांबलीच. चहा निवला.

"छान लिहिलंयस," म्हणाली. "आता हे वाचलं जाणार तू मेल्यावर."

"हो."

"आणि ऑपरेशन नीट झालं तर?"

मी कपातली साय बोटानं बाजूला केली.

"म्हणजे तू जगलास तर सर निष्काळजीच, आणि मेलास तरच निर्दोष. सरांनी काय, तुझ्या मरणाची वाट बघायची?"

"तुझ्यासाठीच केलं होतं मी ते..."

"माझ्यासाठी? वेणी माझी, ओरडा मला, रडले मी. तुला मध्ये कोणी बोलावलं होतं? त्यांनी हाकललं म्हणून माझं डोकं आज धडावर आहे." मग जरा खालच्या आवाजात, "मीही तीन वर्षं गप्प बसले. ते म्हणाले, पोराचं आयुष्य जाईल. तुझं गेलं नाही, त्यांचं गेलं. मला त्याची लाज वाटते. तुला वाटते का?"

वाटते. हे तिला सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

सही न करता ती निघून गेली.

७. कलम पाच रद्द. त्यावर एक आडवी रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं, ते येऊ द्यावं. कलम चारमधली कॅलिपरची सूचनाही रद्द.

आज सकाळी मी स्वतः प्राचार्यांकडे गेलो. सगळं अर्जात लिहून दिलं, कॅलिपर टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "पोलिसांना कळवावं लागेल, माहीत आहे ना?" म्हटलं, "माहीत आहे." शेरा निघेल की नाही ते सांगता येत नाही म्हणाले, चौकशी होईल. जगलो तर चौकशीला हजर राहीन. दादानं कोणाला भेटून रदबदली करू नये. आईनं सरांच्या घरी जाऊन रडू नये. त्यांना ते आवडायचं नाही.

अर्जाची नक्कल घेऊन स्टोअरच्या खिडकीशी गेलो. सरांनी ती डाव्या हातात धरून वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तीन वर्षं पोरं हसली रे."

माझ्याकडे देण्यासारखं जे होतं ते वर लिहिलं आहे; या एका वाक्याची भरपाई होईल असं त्यात काही नाही. ते ऐकून घेतलं, एवढीच नोंद करतो.

ठिकाण: गॅरेजच्या वरची खोली. तारीख: शस्त्रक्रियेआधीचा शुक्रवार.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: गॅरेजमालक. (सही) समक्ष लिहिलं. पोरगा शुद्धीत आहे, बऱ्याच दिवसांनी.

साक्षीदार २: कारखान्यात माल तपासनीस. (सही) प्राचार्यांच्या कार्यालयाचा शिक्का असलेली अर्जाची पोच आधी पाहिली, मग सही केली. अर्जावर 'प्रत्यक्ष पाहणारी' म्हणून माझंही नाव मी आज दुपारी जाऊन लिहून आले आहे.