लढाईनं मोडलेली दुपार

आत्याबाई, तुमी मरून सुटलात आणि हे शेत माझ्या गळ्यात घातलंत. इतक्या वर्षांत कधी कुरकुरले न्हाई, पण औंदा कापूस फुटून लोंबायलाय आणि येचायला माणूस न्हाई. सालगडी लढाईवर गेला. त्याच्या मागं तुमचा नातू, माझा एकुलता पोरगा, तोही लश्करात भरती झाला, मला न विचारता. बाया फौजेच्या सडकेवर खडी फोडायला जायल्यात, तिकडं नगद मिळतंय. एकीला म्हणलं, "चार दिवस ये की." तर म्हणती कशी, "लढाई संपली की येते बाई. साहेबाला सांगून लवकर संपवा." हसत गेली सटवी. लढाई कोण्या मुलखाची, कशापायी, मला कळत न्हाई. ज्यांनी लावली त्यांच्या घरचं माणूस कमी झालं नसंल, माझं वावर मात्र ओस पडलं.

तुमी ऐन येचणीतसुद्धा दुपारी बाभळीखाली घोंगडी टाकायच्या, तंबाखूच्या मिस्रीची डबी काढायच्या आणि सगळ्या बायांना बसवायच्या. मी नवी होते, मला बसवत नव्हतं. तुमी पदर धरून ओढलं. "बस गं. कापूस काय पळून चाललाय?" मग पाय पसरून गावभरच्या सुनांच्या नकला करायच्या, माझीसुद्धा. तेवढा वेळ तुमी सासू वाटायच्या न्हाईत.

ती दुपार मी मोडली. सून सात महिन्यांची हाय, तरी उन्हात येचती. परवा तिचा भाऊ जिंतूरहून छकडा घेऊन आला, बाळंतपणाला न्यायला. मी म्हणलं, कापूस झाल्यावर बघू. "गुरुवारी पुन्हा येतो," म्हणला आणि पाणीसुद्धा न पिता गेला. काल सून सरीत मटकन बसली. मी ओरडले, "कापूस काय तुझा बाप येचणार?" ती म्हणली, "आला असता की. तुमी त्याच्या लेकाला दारातून वळवलं." मी बाभळीखाली जाऊन दाताला मिस्री लावली, एकटीनं. तिला 'ये, बस' म्हणायला जीभ उचलली न्हाई.

हा कागद धाडायचा कुठं? तुमाला ना गाव, ना टपाल. खरं सांगते, कापसाचं मी नुसतं नाव पुढं केलं. अर्धा वाऱ्यानं उडाला तरी मी मरत न्हाई. पण पोरगा तिकडं, आणि ही गेली की त्या घरात मी कोणाशी भांडू? हे तिच्या भावापुढं बोलवलं न्हाई. गुरुवारी छकडा दारात येईल. तिला धाडू का ठेवू, बुधवारी दिवेलागणीच्या आत सांगा.