एकतीस बाटल्या आणि एक बरणी

प्रिय ठमे,

रविवारी साबणवाल्या बाई टेम्पो घेऊन येतील, अर्क काढायचं तांब्याचं भांडं आणि सगळ्या बाटल्या त्यांना देऊन टाका, मला आता नकोत, असा दोन ओळींचा निरोप तू आईच्या फोनवर पाठवलास. तीन वर्षं या अर्कांपायी घर डोक्यावर घेतलंस आणि निरोप दोन ओळींचा. मी लगेच फोन केला, तर तो विषय सोडून बोला म्हणालीस आणि जेवलात का विचारलंस. सकाळचे दहा वाजले होते. दहा वाजता कोण जेवतं? म्हणून पत्र लिहायला बसलोय. पत्रातल्या माणसाला मध्येच गप्प करता येत नाही. आज मंगळवार आहे, कुरिअरवाला शुक्रवारपर्यंत पोचेल म्हणालाय, तेव्हा शनिवारचा एक दिवस तुझ्या हातात राहतो. शेवटपर्यंत वाच. मधली पानं गाळायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

आधी बाटल्यांचं बोलतो, कारण आठ महिने त्यांनी माझा जीव नकोसा केलाय. एकतीस आहेत. मी मोजल्यात, कारण दर पंधरा दिवसांनी पुसून पुन्हा जागेवर ठेवतो. तू नोकरीसाठी घर सोडून जाताना कपाटाच्या दाराला आतून नियमांचा कागद चिकटवून गेलीस, तो आता मला तोंडपाठ झालाय. तेलाला ऊन नको, उजेड नको, वारा नको, ऊब नको. इतके लाड तर तुझेसुद्धा झाले नव्हते. घरातली सगळ्यांत थंड जागा म्हणजे माझ्या कपाटाचा खालचा कप्पा, म्हणून माझे सदरे आठ महिने खुंटीवर लोंबतायत आणि आत तुझ्या तपकिरी काचेच्या बाटल्या रांगेत उभ्या आहेत. उभ्याच ठेवायच्या, आडव्या नाहीत, तेल झाकणाला लागता कामा नये. समोरच्या खिडकीला मी पुठ्ठा लावला. आता तुझ्या आईला सुईत दोरा ओवायला भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि प्रत्येक वेळी ती माझ्याकडे अशी बघते, जणू सूर्य मीच मावळवलाय.

थेंब टाकायचं ते रबरी बोंडाचं झाकण तेलाच्या बाटलीवर कायमचं ठेवू नका, असं तू लिहिलं होतंस. मी ऐकलं नाही. म्हटलं, पस्तीस वर्षं बस डेपोत ऑइल सील बदलण्यात गेली, रबराचं आम्हाला काय सांगतेस. निलगिरीच्या बाटलीवर तसंच ठेवलं. दोन महिन्यांनी बोंड दाबलं तर ते चघळलेल्या गोळीसारखं बोटाला चिकटून आलं. तेल गेलं, बोंड गेलं आणि तुझ्या आईसमोर माझी जी काही अब्रू शिल्लक होती तीही गेली. अर्धी झालेली बाटली लहान बाटलीत ओतायची, म्हणजे वर मोकळी हवा राहत नाही, हा नियम मात्र मी पाळतो. संत्र्याच्या तेलाला वर्ष झालं आणि त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागला. आई आता त्याने ओट्यावरचे चिकट डाग पुसते. चंदनाचं मात्र जुनं होईल तसं सुधारतं, असं तू लिहिलंयस. ते वाचून आई म्हणाली, या घरात वयाबरोबर सुधारणारी तेवढी एकच वस्तू दिसतेय.

तेलांचं एकवेळ परवडलं. पण अर्क काढताना भांड्यातून तेलाबरोबर उतरतं ते फुलांचं पाणी, ज्याला तू हायड्रोसोल म्हणतेस, ते म्हणजे डोक्याला ताप. दिसायला साधं पाणी आणि मिजास अत्तराची. ते फ्रिजमध्येच हवं, तेही दारात नाही, कारण दार उघडझाप करताना हलतं आणि गरम वारा लागतो. मागच्या कोपऱ्यात हवं. म्हणजे आमच्या दुधाचं पातेलं पुढे, आणि दुधामागे हात घालताना ते सांडलं की बोलणी मी खायची. उकळून वाळवलेल्या बाटलीतच भरायचं, तोंडाला बोट लावायचं नाही, बाहेर काढलेलं परत आत ओतायचं नाही, गढूळ दिसलं की फेकून द्यायचं. मागच्या महिन्यात तुझा मामा आला होता. तहान लागली म्हणून त्याने स्वतःच फ्रिज उघडला आणि पुदिन्याचं अर्धी बाटली पाणी घटाघटा पिऊन टाकलं. वर म्हणतो कसा, तुमच्याकडे पाणी फार थंड असतं. तर सांगायचं काय, की नुसतं बघून कुणाला काही कळत नाही. हे जरा ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.

पार्लरवालीचं प्रकरण मी उकरून काढतोय म्हणून चिडू नकोस. तिने दहा बाटल्या गुलाबपाणी घेतलं, तू ते मोठ्या बरणीतून भरून दिलंस, आणि आठवड्यात ती दहाच्या दहा घेऊन आपल्या जिन्यात उभी राहिली. पाण्यात कापसाच्या तंतूंसारखं पांढरं काहीतरी तरंगत होतं. तिच्या एका गिऱ्हाइकाच्या गालावर पुरळ उठलं होतं. चार दिवसांत ते गेलंही, पण पार्लरवालीचा आवाज तिन्ही मजल्यांना ऐकू गेला तो गेलाच. तू दार लावून स्वयंपाकघरात फरशीवर बसलीस आणि वही काढून तपासत राहिलीस, बाटल्या किती मिनिटं उकळल्या, कशाने पुसल्या, हात कितीदा धुतले. शेवटी लिहिलंस, माझाच हात स्वच्छ नाही. खाली दोन रेघा मारल्यास. ती वही अजून कपाटात आहे आणि बाटल्या पुसताना मला दर पंधरा दिवसांनी दिसते. महिन्याभरात तू ती नोकरी धरलीस. आठ तास कानाला यंत्र लावून लोकांच्या हरवलेल्या पार्सलांच्या तक्रारी ऐकायच्या. हल्ली आमच्याशीही त्याच आवाजात बोलतेस. परवा फोन ठेवताना आईला म्हणालीस, अजून काही मदत हवी आहे का.

तुला आठवत नसेल, चार वर्षांची होतीस. मी डेपोतून आलो की धावत दारापर्यंत यायचीस आणि दोन हातांवर थांबायचीस, नाक धरून. बाबा, आधी अंघोळ. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण अंघोळ करूनही डिझेलचा वास कुठे जातोय. नखांत असतो, केसांत असतो, उशीला लागतो. मला त्याचं वाईट वाटायचं, बरंच वाटायचं. निवृत्त झाल्यावरही आई म्हणायची, हा मुरलाय, आता जन्माचा सोबती. मग तू ते भांडं आणलंस आणि पहिल्यांदा गुलाबाचं पाणी उतरलं. मी ते दाढीनंतर जरासं तळहातावर घेऊन गालांना लावलं. गंमत म्हणून. त्या दिवशी तू माझ्या खांद्यावरून वाकून पेपर वाचत होतीस. म्हणालीस, बाबा, आज तुम्हाला छान वास येतोय, आणि डोकं तसंच खांद्यावर टेकवून पान उलटेपर्यंत थांबलीस. आता मला सांग, असं झाल्यावर माणसाने काय करावं? मी रोज लावायला लागलो. तुला मागितलं असतं तर तू बाटली भरून दिली असतीस हे कळत होतं, पण दाढीनंतर गुलाबपाणी लावणारा मेकॅनिक म्हणून तू आणि आई मिळून माझी जी टर उडवली असती, ती नको वाटली.

बरणीवर तू पातळीची पट्टी चिकटवली होतीस. पाणी पट्टीच्या खाली उतरायला लागलं. बसच्या रेडिएटरमधलं पाणी कमी झालं की वरून ओतायचं, हेच मी जन्मभर करत आलो. तसंच केलं. नळाखाली तांब्या धरला आणि पट्टीपर्यंत बरणी भरली. एकदा नाही, दोन महिने, दर चार दिवसांनी. वर रोज बोटं बुडवायचो ती वेगळीच. नुसतं बघून तुला ते कळणार तरी कसं? ठमे, तुझे हात स्वच्छ होते. पार्लरवाली जिन्यात ओरडत होती तेव्हा मी दारामागे उभा होतो आणि मला सगळं कळलं होतं. तरी बाहेर आलो नाही. त्यानंतर आठ-नऊ महिने मी बाटल्यांवर चिडलो, आईवर चिडलो, आता त्या साबणवाल्या बाईंना न बघताच शिव्या घातल्या, आणि बोललो मात्र काही नाही. काल पार्लरमध्ये जाऊन सांगून आलो. तिने मला तासभर बायकांच्या रांगेत बसवून ठेवलं, मग चांगलं फैलावर घेतलं, आणि शेवटी म्हणाली, मुलीला नवीन बाटली घेऊन पाठवा, मग बघू. आईलाही काल सांगितलं. ती तेव्हापासून बोलत नाही. तू बोललीस की बोलेल, असं दिसतंय. साबणवाल्या बाईंना मी काहीही कळवलेलं नाही. भांडं तुझं आहे, मी घासून ठेवलंय. शनिवारी फोन कर. दे म्हणालीस तर रविवारी मी स्वतः ते टेम्पोत चढवून देईन, तोंडातून चकार शब्द काढणार नाही. पण कंटाळा आला म्हणून दे, नोकरी आवडली म्हणून दे. माझ्या नळाच्या पाण्यापायी देऊ नकोस.

तुझाच, आणि आता दाढीनंतर गालाला काहीही न लावणारा,
बाबा