खिडकीजवळची खुर्ची

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईच्या जेवणाच्या सहाही खुर्च्या पोचल्या. ती जाऊन दोन महिने झाले, पण त्यांच्यावर अजून तिचंच राज्य आहे. बैठका उचकटून नवं कापड चढवायला घेतलंय. चार झाल्या, बोटांची चाळण झाली. आई जुनं कापड कधी काढायचीच नाही, त्याच्यावरच नवं ठोकायची. एकेका बैठकीत पाच-पाच थर! खिळे मात्र बोटाबोटाच्या अंतरावर, आखून मारल्यासारखे.

मी आईच्या मनाविरुद्ध लग्न करून निघाले, त्या साली तिला निळं कापड पाठवलं होतं. तिने त्याची फडकी केली, असं तू कळवलंस. फुकट गेलं बघ, इथे शोभलं असतं.

कंबर कशी आहे? रुसली नसशील तर दोन ओळी लिही.

तुझी,
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कंबर आहे तशीच. तुला ही हौस कुठून आली कोण जाणे. शाळेत साधं बटण लावायला माझ्याकडे यायचीस. खिडकीजवळची, तुझी खुर्ची उघडू नकोस. आतून कुजलीय, सरळ भंगारात दे. दोघांना पाच पुरे झाल्या.

माया आहे ती आहेच.
ताई

१५ मार्च

ताई,

पत्र यायच्या आधीच ती उघडली होती. कुजलेली नाही. वरच्या कापडाला स्टेपलच्या पिना आहेत, वाकड्यातिकड्या. आईने उभ्या जन्मात पिना वापरल्या नाहीत. त्याखाली माझं निळं कापड, बोटाबोटावर खिळे.

नऊ वर्षं तू लिहीत होतीस, की तुझं नाव काढलं तरी आई ताटावरून उठते, येऊ नकोस. मी आले नाही. शेवटालाही आले नाही. तिने मला कधी विचारलं होतं का, एवढंच खरं सांग.

धाकटी

२२ मार्च

चि. धाकटीस,

रोज विचारायची. त्या खुर्चीवर मला बसू द्यायची नाही. येईल ती, म्हणायची. तिचं अंथरूण बदलण्यापर्यंत सगळं मी केलं, आणि जेवताना समोर तुझी रिकामी खुर्ची. मला सहन होईना. ती दवाखान्यात असताना मी निळं झाकून टाकलं. घरी आल्यावर बैठकीवरून तिने हात फिरवला. धाकटी येणार नाही म्हणते, असं मी सांगितलं. त्यानंतर तिने विचारणं सोडलं.

लोभ राहू दे म्हणायला तोंड नाही.
ताई

३० मार्च

ताई,

खुर्ची परत पाठवतेय. निळं कापड वरच ठेवलंय. रोज समोर घेऊन जेव.

धाकटी